आपण कोण?

सातवीच्या वर्गास शिवकाल शिकवावयाचा, आणि तोही कतारगामात, हे वाटते तितके सोपे नाही. इतिहासाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे गेल्या पंधरवड्यात तो तास आम्हीच घेतला. सुरतेच्या लुटीचे वर्णन रंगात आले असता मागल्या बाकावरील एक मुलगा उठला व म्हणाला, "सर, यात आपण कोण? लुटणारे की लुटले गेलेले?" त्याचे आजोबा खानदेशातून आलेले, त्याचा जन्म येथलाच. वर्ग हसला. आम्हांस मात्र बडोद्याचे आमचे प्राध्यापक आठवले.

आम्ही वास्तविक मराठीचे विद्यार्थी. तरी त्यांच्या इतिहासाच्या तासाला जाऊन बसत असू. तरुणपणी आपल्या गुरूंसमवेत ते कामशेतला वृद्ध रियासतकारांच्या दर्शनास गेले होते. ती हकीकत आम्ही कितीदा ऐकली याची गणती नाही, आणि दर खेपेस तीत चहाचा एक पेला वाढलेला असे! गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्यास आले, ते १९२५ पर्यंत सयाजीराव महाराजांच्या सेवेत राहिले. 'मराठी रियासत' गुजरातच्या भूमीवर सुरू झाली, हे सांगताना प्राध्यापकांचा चेहरा फुलून येई.

त्याहून त्यांना प्रिय होता तो रियासतकारांचा व जदुनाथ सरकारांचा स्नेह. सरकारांचे शिवचरित्र १९१९ साली निघाले आणि महाराष्ट्रात अनेकांना ते रुचले नाही. पुढे पेशवे दप्तराच्या संपादनासाठी सरकारांनी सरदेसायांचा पुरस्कार केला, तेव्हा पुण्याच्या पंडितांचा रोष दोघांनीही सोसला. त्या दप्तराचे ४५ खंड झाले. मते सर्वत्र जुळत नसतानाही दोघांचा पत्रव्यवहार सुमारे अर्धशतक चालला. सरकारांवर कठोर टीका करणाऱ्या शेजवलकरांविषयीही प्राध्यापक तितक्याच आदराने बोलत. शेजवलकरांचे शिवचरित्र पुरे व्हावयाचे राहिले. १९६३ साली ते गेले आणि प्रस्तावना, आराखडा व साधने तेवढी पुढल्या वर्षी छापली गेली. येथे आले की प्राध्यापक थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहत.

सुरतेचा प्रसंग ते इंग्रज व डच वखारवाल्यांच्या कागदांवरून शिकवीत. शायिस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्य पोळले, ते आधी सांगत. मग जानेवारी १६६४ : सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला, नगर उघडे, वीरजी व्होरांचा वाडा खणून काढला आणि मग पेटवून दिला. कापुचिन पाद्र्याच्या घराला धक्का लागला नाही, आणि धन न देणाऱ्या काहींचे हात तोडले, ही दोन्ही वाक्ये ते एकाच आवाजात उच्चारीत. कोणी कुरकुर केली, तर एवढेच विचारीत, "कागद आहे का तुमच्यापाशी?"

आम्ही मात्र त्या दिवशी वीरजी व्होरांचे नावही घेतले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तास मागून घेतला व सारे सांगितले. मुलाने ते नाव वहीत उतरून घेतले, घरी जाऊन शेजारच्या हिरे घासणाऱ्या काकांना विचारले. त्यांनाही ते ठाऊक नव्हते. आता वर्गाला तापीकाठचा किल्ला पाहावयाचा आहे. येता शनिवार ठरला आहे; बसभाड्याचे तेवढे ठरावयाचे आहे.