मत मांडायला काय जातं?

महिन्यातून एखादा वीकेंड मी पुण्याहून अकोल्याला पळते. शनिवारी सकाळी स्टॅण्डवर उतरलं की नाना, म्हणजे माझे काका, बाइक घेऊन हजर असतात. पण थेट घरी जाणं नाही. आधी टपरीवर कटिंग, मग किक! घरी गेल्यावर बातम्या कळतात, टपरीवर मतं कळतात. आणि खरं सांगू? ऑफिसच्या कॉफी मशीनभोवती जे चालतं, त्यात आणि यात काहीही फरक नाही. फक्त इथं मीटिंगला कुणाला पळायचं नसतं.

आपली मराठी मोठी गमतीची आहे. आपण मांडतो तेही मत आणि मशीनचं बटण दाबून देतो तेही मत. दुसरं पाच वर्षांतून एकदा, पहिलं दर कपाला एक.

पहिला कप अर्थातच राजकारणाचा. आमच्या तालुक्याची गोष्टच तशी. २०१४ ला वैभव पिचड घड्याळावर आमदार झाले. २०१९ ला तेच कमळावर उभे राहिले आणि घड्याळाच्या डॉ. किरण लहामटेंकडून हरले. जुलै २०२३ मध्ये घड्याळवाला पक्षच दुभंगला. २०२४ ला लहामटे पुन्हा घड्याळावरच निवडून आले, पण या वेळी समोर तुतारी होती. यावर नानांचं ठाम मत : ‘‘माणूस बघायचा, चिन्ह नाय.’’ पाचच मिनिटांनी विषय दुसऱ्या पुढाऱ्यावर गेला की तितकंच ठाम मत : ‘‘माणसाचं काय, आज हाये उद्या नाय. पार्टी बघायची!’’ हसू नका. आपणही असेच असतो.

माझंच बघा ना. त्याच जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेले. काही बर्गरवाल्यांनी तर मेनूतून टोमॅटोची चकतीच काढून टाकली. मी फ्लॅटवर बसून फॅमिली ग्रुपवर तावातावानं टाइप केलं, ‘सरकार झोपलंय का?’ नानांचा फोन आला. ‘‘पोरी, चारशेचा पिझ्झा खाती तव्हा सरकार आठवत नाय का तुला?’’ त्यांच्या अर्ध्या एकरात टोमॅटो होते आणि कितीतरी वर्षांनी दोन पैसे हातात येत होते. दोनेक महिन्यांत भाव कोसळला, इतका की तोडणीची मजुरी निघेना. तेव्हा मी ग्रुपवर काय टाकलं? काहीच नाही. स्वस्त टोमॅटोवर कुणाचं मत असतं?

कांद्याचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ ला उठली. माझ्या डब्यातली भाजी स्वस्त झाली आणि नानांच्या चाळीतला कांदा पडून राहिला. एकाच घरात दोन मतं, आणि दोन्ही बरोबर!

पण यंदाच्या फेरीत तिसरा विषय निघाला, आणि तो मीच काढला होता. गांजा.

दचकू नका. माझ्या आत्याला कॅन्सर आहे, हाडांत पोचलेला. ट्रीटमेंट नाशिकला चालू आहे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं मला ‘विजया’च्या तेलाबद्दल सांगितलं. विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग. मग मी वाचत बसले. १९८५ चा आपला अमली पदार्थविरोधी कायदा गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा मानतो. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांपासून केलेली औषधं वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतात. बियांना तर नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणूनही परवानगी मिळाली. पुण्यात त्या ऑरगॅनिक किराण्यात चिया सीड्सच्या शेजारी बसलेल्या असतात. केमोनंतरची मळमळ आणि लहान मुलांची काही प्रकारची अपस्मारं यांवर या झाडातल्या घटकांचा उपयोग सिद्ध झालाय. दुखण्याबाबतचा पुरावा मात्र कमी पक्का. आणि ‘कॅन्सर बरा होतो’ याला पुरावा नाही.

टपरीवर इतकं कोण ऐकणार? एक म्हणाला, अमेरिकेत दुकानात मिळतो. दुसरा म्हणाला, पोलीस उचलतील. तिसऱ्याच्या मते हा सगळा कंपन्यांचा डाव. नाना एवढंच म्हणाले, ‘‘आपल्या घरात गांजा येणार नाय.’’ मी भांडले. कायदा, कलम, पुरावा, सगळं काढलं. घरी जाईपर्यंत बाइकवरही भांडले.

त्या रात्री पाणी प्यायला उठले तर आत्या भिंतीला टेकून बसलेली. तीन वाजले होते.

‘‘आत्या, झोपली नाहीस?’’

‘‘आडवं झालं की ठणकतं गं.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘दिवाळीपासून.’’

‘‘आम्ही दिवसभर त्या तेलावरून भांडतोय. तुझं काय मत?’’

‘‘मत कसलं बाई? तीनपासून उजाडेपर्यंत काय करू, तेवढं सांग.’’

सोमवारी मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ‘‘एवढं दुखतंय हे मला आधी का नाही सांगितलं?’’ खरंच की. दर खेपेला आम्ही फाइल दाखवली, रिपोर्ट वाचले, ‘पुढं काय’ विचारलं. दुखतंय हे कुणी बोललंच नाही. त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, सोबत पोट साफ राहण्याचं औषध. २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणं सोपं केलं गेलं, हेही मला तेव्हाच कळलं. गांजावर इतकं वाचलं, पण यावर एक ओळ नाही. नानांना वाटलं, सवय लागेल. डॉक्टरांनी समजावलं, दुखण्याच्या मापानं आणि देखरेखीखाली घेतलं तर ती भीती फार नाही. तेलाचं? आधी हे बसू दे, मग बोलू, आणि मला न विचारता काही सुरू करू नका, असं म्हणाले.

त्यांनी अजून एक पत्ता दिला. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, तिथं कॅन्सरच्या पेशंटची काळजी मोफत घेतात. तो रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा आहे हो!

आत्या आता बऱ्याच रात्री पाचपर्यंत झोपते. बरी होईल की नाही, यावर मी मत देणार नाही.

परवाच्या शनिवारी टपरीवर कुणीतरी नानांना छेडलं, ‘‘काय मग, गांजाचं काय ठरलं?’’ नाना बशीतला चहा संपवत म्हणाले, ‘‘आधी दुखतंय त्याला इचारावं, मग बोलावं.’’

सगळे दोन मिनिटं गप्प. मग कुणीतरी घड्याळ-तुतारी काढली आणि दुसरा कप आला.