व्हर्मिक्युलाइट : प्रत, उपयोग आणि खर्चाचा विवेक

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई या परिसरात कृषिसामग्रीच्या दुकानी जाऊन कोणी नुसते 'व्हर्मी' मागितले, तर त्याच्या हाती दोन अगदी भिन्न वस्तूंपैकी कोणतीही पडण्याचा संभव असतो. एक म्हणजे गांडूळखत, आणि दुसरी म्हणजे व्हर्मिक्युलाइट नावाचे, अभ्रकासारखे चमकणारे, हाताला अत्यंत हलके लागणारे खनिज. पहिले खत आहे; दुसरे खत नाही. दोन्हींच्या नावांचे मूळ मात्र एकच आहे. लॅटिन भाषेत किड्याला किंवा गांडुळाला जो शब्द आहे, त्यावरूनच ही दोन्ही नावे निघाली. हे खनिज तापविले असता त्याचे पापुद्रे फुगून वळवळत्या अळीसारखे लांबत जातात. ते पाहून १८२४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याला हे नाव देण्यात आले. नावातील या साम्यामुळे ज्याने खत म्हणून ते विकत घेतले, त्याचे पीक उपाशी राहते, आणि ज्याने रोपांच्या ट्रेसाठी गांडूळखत घेतले, त्याच्या कोवळ्या रोपांना नको तितका ओलावा व नको त्या बुरशीची संगत लाभते. म्हणून ग्रामसेवकाने आणि कृषी कार्यकर्त्याने शिफारस करताना पूर्ण नाव उच्चारावे आणि शेतकऱ्यालाही पूर्ण नाव घेण्याची सवय लावावी.

व्हर्मिक्युलाइटची रचना अभ्रकाप्रमाणे थरांची असते, आणि या थरांच्या मध्ये पाण्याचे रेणू अडकलेले असतात. खाणीतून निघालेला कच्चा माल एकाएकी सुमारे नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, वाफ थरांना दूर लोटते आणि दाणा आपल्या मूळ आकारमानाच्या आठ ते वीस पट फुगतो. ज्वारीची लाही फुटते त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की लाही खाऊन संपते आणि हे खनिज कुजत नाही, जळत नाही. फुगलेल्या मालाचा एक घनमीटर ढीग साधारण साठ ते दीडशे किलो भरतो. तेवढ्याच जागेतील पाण्याचे वजन एक हजार किलो असते. भट्टीतून निघताना त्यात रोगाचे बीज उरलेले नसते. सह्याद्रीच्या काळ्या कातळात किंवा त्यावरील जांभ्यात याची खाण नाही. भारतात ते प्रामुख्याने दक्षिणेकडे सापडते. तमिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यातील सेवत्तूर येथील खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. जगाच्या बाजारात दक्षिण आफ्रिकेतील पालाबोरा येथील मालाचे नाव मोठे आहे. महाबळेश्वरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणारे प्रत्येक पोते अशा रीतीने शेकडो मैल प्रवास करून येते, आणि हलक्या मालाची वाहतूक नेहमीच महाग पडते, कारण गाडी वजनाने भरण्यापूर्वी जागेने भरते.

या मालाची वर्गवारी दाण्याच्या आकारावरून होते, आणि खरा घोटाळा येथेच आहे. आपल्याकडे 'एक नंबरचा माल' म्हणजे उत्तम माल, असे लहान मुलालाही ठाऊक असते. व्हर्मिक्युलाइटच्या अमेरिकन क्रमवारीत मात्र एक नंबर म्हणजे सर्वांत जाड दाणा आणि पाच नंबर म्हणजे सर्वांत बारीक. तेथे एक नंबर चांगला आणि पाच नंबर वाईट असे काहीही नाही. दुसऱ्या पद्धतीत अंक न वापरता जाड, मध्यम, बारीक, अतिबारीक आणि भुकटी अशी नावे देतात, व त्यांचा दाणा अनुक्रमे आठ, चार, दोन, एक आणि अर्धा मिलिमीटर या मापांच्या आसपास धरला जातो. उत्पादक बदलला की नाव बदलते, अंकही बदलतो. मिलिमीटर तेवढा बदलत नाही. शेतकऱ्याने दुकानदारापाशी नंबर विचारण्याऐवजी 'दाणा किती मिलिमीटरचा?' एवढाच प्रश्न विचारला, तर अर्धी फसगत टळेल. पोत्यावर दाण्याचे माप आणि आकारमानाचे लिटर मराठीत छापले जाणे अगत्याचे आहे. आणखी एक गोष्ट. हा माल किलोवर घेणे कधीही हिताचे नाही. तो आपल्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज धरून ठेवतो, आणि महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत उघडे राहिलेले पोते काही न करताच जड होते. ते पाणी शेतकऱ्याने मालाच्या भावाने का विकत घ्यावे?

आता त्याची जागा कोठे, हे पाहू गेल्यास सर्वप्रथम रोपवाटिकेकडे वळावे लागते. महाबळेश्वर व आसपासच्या गावांची आजची ओळख स्ट्रॉबेरीची आहे. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही येथील शेतकरी स्ट्रॉबेरीबरोबर भाजीपाल्याची आणि फुलझाडांची रोपेही करतो. कोबी, फुलकोबी, सॅलड, ढोबळी मिरची यांचे बी बारीक आणि महाग असते. अशा बियांवर मातीचा थर दिला तर पाण्याच्या झारीने ती धपापते, वर पापुद्रा धरते आणि कोंब आतच गुदमरतो. त्याऐवजी एक ते दोन मिलिमीटर दाण्याच्या व्हर्मिक्युलाइटचा तीन मिलिमीटरचा थर पसरला, तर तो ओल टिकवतो, हवा जाऊ देतो आणि कोंबाला अडवत नाही. खर्चही पाहावा. अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या एका ट्रेवर एवढा थर देण्यास अर्ध्या लिटरहून कमी माल लागतो. शंभर लिटरचे एक पोते दोनशे ट्रेंना, म्हणजे जवळजवळ वीस हजार रोपांना पुरते. येथे हा खर्च पुरेपूर वसूल होतो, आणि बाहेरचे काहीच विकत घेऊ नये असा आग्रह धरणाऱ्यांनीही या एका ठिकाणी आपला हट्ट सोडावा हे बरे.

हाच हिशेब शेतात लावून पाहिला म्हणजे चित्र उलटे दिसते. काही ठिकाणी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत व्हर्मिक्युलाइट मिसळण्याचा सल्ला दिला जातो. एका गुंठ्याचे क्षेत्र सुमारे एकशे एक चौरस मीटर. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे आकारमान पंधरा घनमीटर होते. त्यात दहावा हिस्सा मिसळावयाचा तर दीड हजार लिटर, म्हणजे शंभर लिटरची पंधरा पोती एका गुंठ्याला लागतात. एकरी सहाशे पोती! केवळ गादीवाफ्यांपुरते मिसळले तरी निम्मी लागतीलच. एवढा पैसा ओतून मिळणार काय? जांभ्याची लाल माती मुळातच निचऱ्याची आहे. तिचे दुखणे वेगळे आहे. तिच्यातील चिकणभाग अन्नद्रव्ये फारशी धरून ठेवत नाही आणि पाच-सहा हजार मिलिमीटर पावसात ती सहज धुऊन जातात. व्हर्मिक्युलाइट पालाश आणि अमोनियम आपल्या थरांत धरून ठेवते हे खरे. परंतु शेणखत, कंपोस्ट आणि हिरवळीचे खतही अन्नद्रव्ये धरतात, शिवाय स्वतः अन्न देतात, मातीतील जीव पोसतात, आणि ते गावातच तयार होतात. खनिजाचा दाणा मातीत ओला राहून तुडवला गेला की दोन-तीन हंगामांत चेपून पापुद्र्यासारखा होतो. त्याचे फुगलेपण, जे पैसे देऊन घेतले तेच, नाहीसे होते. वाफ्यात ते मिसळण्याची शिफारस करणाऱ्याने आधी ही पोती मोजून दाखवावीत.

स्ट्रॉबेरीच्या धावत्या फांद्यांपासून पिशव्यांत रोपे करण्याचा प्रश्न या दोहोंच्या मधला आहे, आणि त्यावर मतभेदास जागा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लागवडीसाठी ही रोपे ऐन पावसाळ्यात वाढवावी लागतात. हवेत धुके, पानावर दव, पिशवीत पाणी अशी त्या दिवसांची स्थिती असते, आणि स्ट्रॉबेरीच्या रोपाचा गड्डा साचलेल्या पाण्यात कुजावयास वेळ लागत नाही. अशा वेळी पाणी धरून ठेवणारी वस्तू पिशवीत भरणे म्हणजे आजाऱ्यास गार पाण्याने न्हाऊ घालणे होय. बारीक दाण्याचे व्हर्मिक्युलाइट येथे निश्चितच टाळावे. मिसळावयाचेच असेल तर चार मिलिमीटर किंवा त्याहून जाड दाणा थोड्या प्रमाणात घ्यावा, आणि निचऱ्यासाठी भाताचे तूस, तुसाचा कोळसा किंवा परलाइट यांचा आधार घ्यावा. परलाइटही तापवून फुगविलेलेच असते. परंतु ते ज्वालामुखीच्या काचेपासून होते आणि पाणी धरण्यापेक्षा वाट करून देण्याकडे त्याचा कल अधिक. भाताचे तूस जावळीत आणि घाटाखाली महाडकडे मुबलक आहे. कोकणातील नारळाच्या काथ्याचा भुसा नीट धुऊन, क्षार काढून वापरला तर तोही उत्तम काम देतो. उन्हाळ्यात, आडोशाखाली आणि मोजून पाणी देणाऱ्या रोपवाटिकेत गोष्ट निराळी. तेथे मध्यम दाण्याचे व्हर्मिक्युलाइट पाण्याच्या पाळ्या वाचवते.

घरबांधणीतील उपयोगाकडे ग्रामीण भागात अद्याप फारसे लक्ष गेलेले नाही. उन्हाळ्यात वाई-सातारा भागातील सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खाली उष्णता सोडीत राहतो. अशा स्लॅबवर एक भाग सिमेंटला सहा ते आठ भाग जाड किंवा मध्यम व्हर्मिक्युलाइट या प्रमाणातील थर दिला, तर आतील हवेच्या असंख्य पोकळ्यांमुळे उष्णता खाली उतरण्यास अडथळा होतो. आपल्याकडे नेहमी घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्याशी तुलना केली, तर या थराचे वजन साधारण तिसरा हिस्साच भरते. जुन्या स्लॅबला ही मोठीच सूट आहे. तथापि त्याच्या बळाविषयी कोणी भ्रम बाळगू नये. साध्या काँक्रीटच्या दहाव्या हिश्श्याइतकेही त्याचे बळ नसते. खांब, तुळई, पायऱ्या, पाण्याच्या टाकीखालची बैठक यांपैकी कशालाही ते चालत नाही. कालवताना ते फावड्याने हलक्या हाताने परतावे; यंत्रात फार वेळ फिरविल्यास दाणे चिरडतात आणि महागडा माल साध्या भुकटीच्या मोलाचा होतो. बारीक दाणा गिलाव्यात वापरतात; आग लागली असता असा गिलावा भिंतीआडच्या लोखंडाला बराच वेळ वाचवतो. गुऱ्हाळाच्या किंवा भट्टीच्या भोवतालच्या भिंतींना त्याचा उपयोग करून पाहण्यासारखा आहे.

खुद्द महाबळेश्वरात मात्र स्लॅबवर हा थर देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या या पठारावर प्रश्न उन्हाचा नसून पाण्याचा आहे. पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या ताट्या बांधण्याची येथील जुनी रीत अनुभवातून आलेली होती. व्हर्मिक्युलाइटचा थर पाणी पितो. त्यावरील जलरोधक लेपाला केसाएवढी भेग पडली, तरी चार महिन्यांच्या संततधारेत तो थर स्पंजासारखा भरतो, उष्णता अडवण्याचा त्याचा गुण जातो आणि ते पाणी हळूहळू स्लॅबच्या सळईपर्यंत पोहोचते. उतरते कौलारू वा पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली कोरडा माळा, ही येथील हवेला मानवलेली व्यवस्था आहे. त्या माळ्यावर जाड दाण्याचा सुटा, कोरडा थर पसरला तर थंडीत खोली उबदार राहण्यास तो साहाय्य करील, आणि छप्पर गळले तरी ओला झालेला भाग काढून टाकता येईल. वरकरणी साधा वाटणारा हा उपाय येथे स्लॅबवरील थरापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे.

धुळीविषयी मात्र सौम्य शब्दांत बोलून चालणार नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात लिबी या गावी व्हर्मिक्युलाइटची अतिशय मोठी खाण होती. तेथील खडकात ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले होते. खाणीत काम करणारे मजूर, त्यांचे कपडे धुणाऱ्या स्त्रिया आणि त्या धुळीत खेळलेली मुले वर्षानुवर्षे फुप्फुसांच्या असाध्य रोगांना बळी पडली. १९९० साली ती खाण बंद झाली, आणि २००९ साली तेथील शासनाने त्या गावी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. प्रत्येक व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस असते असा याचा अर्थ नाही. शुद्ध खनिजात ते नसते. परंतु कोणत्या खाणीचा माल, आणि त्याची ॲस्बेस्टॉसबाबत तपासणी झाली आहे काय, हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे, आणि ज्या पोत्यावर उत्पादकाचे नावच नाही ते स्वस्त असले तरी परत करावे. रोपवाटिकांत ट्रे भरण्याचे काम बहुधा स्त्रियाच करतात, आणि तेही बंद शेडमध्ये, दिवस दिवस. त्यांच्यासमोर कोरडे पोते झटकून रिकामे करणे हा निष्काळजीपणा होय. पोते उघडताच त्यावर झारीने पाणी शिंपडावे, ओल्या मालातच हात घालावा, नाकातोंडावर चांगला मास्क असावा, आणि सांडलेला माल केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. मालकाने हे पाणी आणि हे मास्क यांचा खर्च पोत्याच्या किमतीतच धरावा. उरलेला माल तोंड बांधून, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा व त्यावर जड वस्तू रचू नये.