शिडांचे जहाज आणि किनाऱ्याचा वाटा

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो नावाचे बंदर आहे. या बंदरातून दोन डोलकाठ्यांची लाकडी जहाजे मोजके उतारू घेऊन नांगर उचलतात आणि दोन रात्री व तीन दिवस कोमोडो राष्ट्रीय उद्यानातील बेटांभोवती फिरून परततात. पादार बेटाच्या टेकडीवरून दिसणारा सूर्योदय, कोमोडो किंवा रिंचा बेटावरील महाकाय घोरपडी, तांबूस वाळूचा किनारा, प्रवाहात तरंगणारे पाकटीच्या जातीचे प्रचंड मांटा मासे आणि सायंकाळी कालोंग बेटावरील कांदळवनातून उठणारे वटवाघळांचे थवे, असा या सफरीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. या जहाजांना फिनिसी म्हणतात. जगभरचे प्रवासी त्यांच्या शिडांची छायाचित्रे घेतात. परंतु बहुतेक जहाजे चालतात ती डिझेलच्या इंजिनावर. शिडे उभारली जातात ती वाऱ्यापेक्षा पाहुण्यांसाठी.

हजारो प्रवाशांना पोटात घेऊन जाणाऱ्या अजस्र पर्यटन-नौकांच्या तुलनेत असे लहान जहाज निरुपद्रवी, सुसंस्कृत आणि स्थानिकांच्या हिताचे असते, असा एक समज आज रूढ झाला आहे. १९७३ साली शुमाखर यांचे ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून लहान तेवढे चांगले, हे सूत्र सुशिक्षित समाजाच्या अंगवळणी पडले आहे. या समजात तथ्यांश नाही, असे नाही. मोठी नौका आपले अन्न, आपली करमणूक आणि आपली दुकाने बरोबर घेऊन येते व किनाऱ्यावर चार तासांची गर्दी तेवढी सोडून जाते. लहान जहाजाला भाजी, मासळी, पाणी, बर्फ, खलाशी, स्वयंपाकी आणि वाटाड्या हे सारे जवळच्याच बंदरात शोधावे लागते. तरीही जहाज लहान आहे एवढ्यावरून त्यातून निर्माण होणारे उत्पन्न कोणाच्या पदरी पडते, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कोमोडोच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासाने हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आणला आहे.

मालवाहू जहाजाचे रूपांतर

फिनिसी हे मुळात सहलीचे जहाज नव्हे. दक्षिण सुलावेसीतील बुलुकुंबा जिल्ह्यात आरा, ताना बेरू, बिरा अशी किनाऱ्यालगतची गावे आहेत. तेथील कोंजो समाजातील सुतार पिढ्यान् पिढ्या ही जहाजे बांधत आले आहेत. कागदावर आराखडा न काढता, आधी बाहेरच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी एकमेकींना जोडून कवच उभे करावयाचे आणि मग आतून फासळ्या बसवावयाच्या, ही त्यांची रीत आहे. दोन डोलकाठ्या व सात शिडे यांच्या बळावर ही जहाजे इमारती लाकूड, तांदूळ आणि इतर माल द्वीपसमूहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत असत. १९८६ साली अशाच एका फिनिसीने प्रशांत महासागर ओलांडून कॅनडातील व्हँकूव्हरचे जागतिक प्रदर्शन गाठले. २०१७ मध्ये युनेस्कोने या नौकाबांधणीच्या कलेचा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

परंतु वारशाच्या यादीत नाव नोंदले गेल्याने सुताराची चूल पेटत नाही. १९७० च्या दशकापासून या जहाजांवर इंजिने चढू लागली आणि निव्वळ शिडांवरील मालवाहतूक काही वर्षांतच जवळजवळ संपली. पुढे पोलादी जहाजांनी मालही नेला. अशा वेळी पर्यटनाने या कलेला नवा ग्राहक दिला, हे मान्य केले पाहिजे. येथे महाराष्ट्राच्या वाचकाला कोकणची आठवण होणे स्वाभाविक आहे. मंगळुरी कौले, मीठ आणि नारळ वाहून नेणाऱ्या फत्तेमाऱ्या व मचवे अरबी समुद्रावरही होते. इंजिन, मालमोटार आणि पक्के रस्ते आले तशी ती शिडे उतरली. त्यांना दुसरा ग्राहक भेटला नाही. बुलुकुंबाच्या सुताराला तो भेटला. मात्र नव्या ग्राहकाबरोबर नवे मालकही आले. पूर्वी जहाज बहुधा तांडेलाचे, त्याच्या नातलगांचे किंवा जवळच्या व्यापाऱ्याचे असे. आज वातानुकूलित खोल्यांचे जहाज बांधण्यास लागणारे भांडवल गावात नसते. ते जाकार्ता, बाली किंवा परदेशांतून येते आणि नफा त्याच वाटेने परत जातो. गावाकडे मजुरी राहते. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात या प्रकाराला गळती म्हणतात. लहान जहाजाच्या तळालाही अशी गळती असू शकते.

लहानांची गर्दी

दुसरा प्रश्न समुद्राचा आहे. सुंबावा आणि फ्लोरेस यांच्यामधील सामुद्रधुन्यांतून प्रशांत महासागराचे पाणी हिंदी महासागराकडे वाहते. त्यामुळे येथील प्रवाह अतिशय जोरदार आहेत, खोल थरांतील गार पाणी वर येते, त्याबरोबर पोषक द्रव्ये येतात आणि प्रवाळ व मासे यांची समृद्धी वाढते. ही समृद्धी कोणाच्याही मालकीची नाही. म्हणूनच ती सर्वांच्या तडाख्यात सापडते. एका जहाजाने प्रवाळावर नांगर टाकला तर नुकसान थोडे आणि ते सर्वांमध्ये वाटले जाते. त्या फेरीचा नफा मात्र त्या एकाच मालकाचा. प्रत्येक मालक असा हिशेब करू लागला की लहान जहाजांच्या थव्याकडून एखाद्या मोठ्या जहाजाइतकेच, प्रसंगी अधिकच, नुकसान होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेचे वर्णन केले ते असेच होते. पुढे २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील उदाहरणांवरून दाखवून दिले की ही शोकांतिका अटळ नसते. ज्यांचे जीवन त्या साधनसंपत्तीवर अवलंबून आहे, त्यांना नियम करण्याचा व पाळविण्याचा अधिकार असेल तर सामाईक मालमत्ता टिकू शकते. कोमोडोमध्ये नेमके याच्या उलट घडत गेले.

हे उद्यान १९८० साली स्थापन झाले आणि १९९१ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. पण उद्यानाच्या आधीपासून तेथे माणसे राहत होती. कोमोडो गावातील लोककथेनुसार माणूस आणि ‘ओरा’, म्हणजे ती महाकाय घोरपड, ही एकाच मातेची जुळी भावंडे आहेत. उद्यान झाल्यावर या लोकांच्या शिकारीवर व मासेमारीवर बंधने आली. त्यांच्यापैकी अनेकांनी लाकडी घोरपडी कोरून प्रवाशांना विकण्याचा व्यवसाय पत्करला. जंगल आणि समुद्र यांच्यावरील हक्काच्या बदल्यात त्यांच्या वाट्याला किनाऱ्यावरचे एक दुकान आले.

शुल्क कोणावर?

२०१९ साली प्रांताच्या राज्यपालांनी पुढील वर्षापासून कोमोडो बेट प्रवाशांना बंद करण्याची आणि तेथील रहिवाशांना अन्यत्र हलविण्याची घोषणा केली. केंद्र सरकारने ती अमलात येऊ दिली नाही. त्यानंतर २०२२ मध्ये निराळा मार्ग योजण्यात आला. कोमोडो व पादार या बेटांसाठी माणशी ३७ लाख ५० हजार रुपिया, म्हणजे सुमारे २५० अमेरिकी डॉलर, इतके वार्षिक शुल्क ठरविण्यात आले आणि येणाऱ्यांची संख्या वर्षाला दोन लाखांवर मर्यादित करण्याचे जाहीर झाले. तोपर्यंत परदेशी प्रवाशाचे मूळ प्रवेशशुल्क कामकाजाच्या दिवशी दीड लाख रुपिया होते, तर इंडोनेशियन नागरिकाचे अवघे पाच हजार. म्हणजे परक्याला पंचवीस पट आणि घरच्याला साडेसातशे पट वाढ. त्या वर्षी त्या प्रांतातील किमान मासिक वेतन वीस लाख रुपियांच्या आतच होते. आपल्याच देशाचे उद्यान पाहण्यासाठी तेथील कामगाराला जवळजवळ दोन महिन्यांचे वेतन मोजावे लागले असते.

१ ऑगस्ट २०२२ रोजी लाबुआन बाजोतील नौकाचालक, वाटाडे आणि हॉटेल-व्यावसायिक यांनी महिनाभर सेवा बंद ठेवण्याचा पवित्रा घेतला. निदर्शकांची धरपकडही झाली. काही दिवसांतच शुल्कवाढ पुढील जानेवारीपर्यंत लांबणीवर पडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले.

या संघर्षाकडे निसर्गरक्षणाचे कैवारी आणि अडाणी व्यापारी यांचा झगडा म्हणून पाहणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. किंमत वाढली की मागणी घटते, हे अर्थशास्त्राचे पहिले सूत्र. पण कोणाची मागणी घटते, हा त्याचा महत्त्वाचा उत्तरार्ध आहे. जो प्रवासी संपूर्ण जहाज भाड्याने घेऊन हजारो डॉलर खर्च करतो, त्याला आणखी २५० डॉलरचे ओझे जाणवत नाही. जो पाठीवर पिशवी टाकून येतो व सामायिक जहाजाच्या डेकवर गादी टाकून झोपतो, किंवा जो जावा बेटावरील शाळामास्तर आपल्या मुलांना घेऊन येऊ पाहतो, तो मात्र परत फिरतो. आणि याच प्रवाशावर स्थानिक मालकीच्या साध्या बोटी, खाणावळी व स्वस्त निवासगृहे जगतात. म्हणजे सरसकट भरमसाट शुल्काने गर्दी कमी होईल हे खरे. पण त्याबरोबर लहान मालकही कमी होतील आणि उरलेला समुद्र मोठ्या भांडवलाच्या स्वाधीन होईल. निसर्ग वाचविण्याच्या नावाखाली बाजारपेठेची ही फेरवाटणी ठरेल.

शिवाय औषध आणि रोग यांची गाठही पडत नव्हती. सप्टेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघाने कोमोडोच्या घोरपडीला संकटग्रस्त प्रजातींत घातले. त्याचे मुख्य कारण हवामानबदल व समुद्राची वाढती पातळी हे सांगितले होते. यामुळे पुढील ४५ वर्षांत तिचा योग्य अधिवास किमान ३० टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. त्याच निवेदनानुसार उद्यानातील घोरपडींची संख्या स्थिर व सुरक्षित आहे. मानवी व्यवहारांचा धोका आहे तो उद्यानाबाहेर, फ्लोरेस बेटावर. तेव्हा शुल्क घ्यायचे असेल तर ते नेमके कशासाठी व कोठे खर्च होणार, हे आधी सांगणे प्राप्त होते.

गॅलापागोसचा दाखला

याचा अर्थ पाच हजार रुपियांचे शुल्क योग्य होते, असा मात्र नव्हे. पहारेकरी, प्रवाळावर नांगर पडू नये म्हणून लागणारे बांधणीचे बोये, कचऱ्याची विल्हेवाट आणि वाटाड्यांचे शिक्षण यांना पैसा लागतो व तो प्रवाशानेच दिला पाहिजे. इक्वेडोरच्या गॅलापागोस द्वीपसमूहाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तेथे एका जहाजावर शंभरांहून अधिक प्रवासी नेता येत नाहीत. प्रत्येक जहाजाचा मार्ग व भेटीची वेळ उद्यान-प्रशासन ठरवून देते. परवानाधारक वाटाड्याविना प्रवाशांच्या गटाला किनाऱ्यावर उतरता येत नाही. १९९८ च्या विशेष कायद्याने बाहेरच्यांच्या स्थलांतरावर बंधने घातली, तसेच प्रवेशशुल्काचा कोणता हिस्सा उद्यानाला आणि कोणता स्थानिक नगरपालिकांना, हेही ठरवून दिले. १ ऑगस्ट २०२४ पासून तेथे बहुतेक परदेशी प्रवाशांचे शुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर झाले. स्वतःच्या नागरिकांसाठी मात्र ते कितीतरी कमी ठेवण्यात आले. गॅलापागोसमध्ये सारे आलबेल आहे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु तेथे संख्या, मार्ग आणि वाटणी यांचे नियम कायद्यात बांधले गेले आणि शुल्क त्यांच्या चौकटीत वाढले. कोमोडोमध्ये आधी रक्कम जाहीर झाली; वाटणीचा प्रश्न रस्त्यावरच्या निदर्शकांनी विचारला.

यातून निघणारा बोध साधा आहे. समुद्र किती जहाजे सहन करू शकतो हे शास्त्रज्ञांनी ठरवावे आणि ती मर्यादा काटेकोरपणे पाळली जावी. त्या मर्यादेतील परवान्यांचा ठरावीक भाग स्थानिक मालकांसाठी व त्यांच्या सहकारी संस्थांसाठी राखून ठेवावा. परक्यांसाठी व आरामशीर जहाजांसाठी शुल्क चढे, तर देशातील सामान्य प्रवाशासाठी ते परवडणारे असावे. जमा झालेल्या रकमेतील निश्चित हिस्सा उद्यानाच्या सीमेतील गावांना मिळावा आणि त्याचा हिशेब गावाच्या चावडीवर लावला जावा. यातील एकही गोष्ट अद्भुत नाही. ती कठीण वाटते, कारण तीत बड्या मालकाला थांबावे लागते आणि सरकारला हिशेब द्यावा लागतो.

भारतालाही हा प्रश्न दूरचा नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर प्रवेशपरवान्याची पद्धत आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य घोषित आहे आणि त्याच किनाऱ्यावर मच्छीमारांची मुले प्रवाशांना बोटीतून समुद्रदर्शन घडवीत आहेत. उद्या तेथेही मोठे भांडवल लहान जहाजाचे रूप घेऊन येईल. त्या वेळी जहाजाची लांबी किती आणि शिडे किती, हे विचारून भागणार नाही. त्याचा मालक कोण, त्याचा नांगर कोठे पडतो आणि त्याच्या कमाईतील किती रुपये किनाऱ्यावर मुक्काम करतात, हे विचारावे लागेल. शिडे पाहुण्यांसाठी असली तरी हरकत नाही. पण वाटा किनाऱ्याचा असला पाहिजे.