विश्लेषण : फ्रीलान्सरचा टीडीएस रिफंड पावत्यांअभावी का बुडतो?

आयकर विवरणपत्र भरण्याची मुदत २०२५ मध्ये ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. त्यामुळे एरवी जुलैअखेर थांबणारा प्रश्न त्यानंतरही व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत राहिला : ‘माझा कापलेला टीडीएस परत मिळेल का?’ फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी उत्तर बहुतेकदा ‘हो’ असते. मात्र किती मिळणार, हे वर्षभर जपलेल्या पावत्यांवर ठरते.

नोकरदारांना कामाचा खर्च दाखवता येतो का?

नाही. कामासाठी घेतलेली खुर्ची, घरचे वायफाय, लोकलचा पास यांपैकी काहीही पगारदाराला विवरणपत्रात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्याऐवजी सरसकट प्रमाणित वजावट मिळते : २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ७५ हजार, जुन्यात ५० हजार. तिला पावती लागत नाही. याहून जास्त खर्च झाला असेल तर तो बिले देऊन कंपनीकडूनच मागायचा. ‘काहीतरी दाखवून रिफंड काढून देतो’ असे सांगणारा एजंट भेटला तर लांब राहा. खोट्या वजावटींच्या संशयावरून आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात १५० ठिकाणी तपासणी सुरू केली होती.

मग खर्चाचा मुद्दा कुणाचा?

जे पगारावर नाहीत त्यांचा. व्हिडिओग्राफर, अनुवादक, डबिंग कलाकार, कंटेंट रायटर अशांना कंपन्या पैसे देताना साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतात. तो पूर्ण बिलावर कापला जातो, नफ्यावर नाही. त्या बिलातला अर्धा पैसा कॅमेऱ्याच्या भाड्यात आणि गाडीखर्चात गेला, याच्याशी कापणाऱ्याला देणेघेणे नसते. म्हणजे ज्याचा खर्च जास्त, त्याचेच पैसे सरकारकडे जास्त अडकतात, आणि ते सोडवायची जबाबदारीही त्याचीच.

एक उदाहरण पाहू. कंपन्यांसाठी शूट करणाऱ्या व्हिडिओग्राफरला २०२४-२५ मध्ये १० लाख रुपये मिळाले आणि १ लाख टीडीएस कापला गेला. खर्च झाला ४ लाख २० हजार. तो सगळा सिद्ध करता आला तर नफा ५ लाख ८० हजार. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणजे पूर्ण १ लाख परत. पण पावत्या दीड लाखाच्याच सापडल्या तर उत्पन्न ८ लाख ५० हजार धरले जाईल. त्यावर उपकरासह कर ३६ हजार ४०० रुपये. हरवलेल्या कागदांची ही किंमत.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. नव्या करप्रणालीत ८०सी वगैरे वजावटी जातात, म्हणून कामाचा खर्चही जातो असे अनेकांना वाटते. तसे नाही. व्यवसायाचा खर्च दोन्ही प्रणालींत वजा होतो.

कागद कोणते जपायचे?

माझी फजिती सांगतो. इंजिनीअरिंगनंतर नोकरी लागेपर्यंत दीड वर्ष मी कंपन्यांचे व्हिडिओ शूट आणि एडिट करायचो. सगळ्या पावत्या बुटांच्या खोक्यात टाकायचो आणि स्वतःला फार शिस्तीचा समजायचो. जुलैमध्ये खोके उघडले, तर पेट्रोल आणि टोलच्या पावत्या कोऱ्या! थर्मल कागदावरची छपाई उन्हाने, उष्णतेने उडते हे तेव्हा कळले. सुमारे ११ हजारांच्या रिफंडवर पाणी सोडावे लागले. त्यामुळे पावती हातात पडली की तिथेच फोटो काढा, आणि फाइलच्या नावात तारीख व काम लिहा. हे जुलैत करू म्हटले तर होत नाही.

यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. पैसे गेले एवढेच तो सांगतो, कशासाठी गेले ते सांगत नाही. सहायकाला दिवसाचे दोन हजार दिले तर साधे व्हाउचर करा : तारीख, रक्कम, काम, त्याची सही. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च सहसा धरलाच जात नाही, म्हणून मोठी रक्कम बँकेतूनच द्या.

फोन आणि इंटरनेट घरासाठीही वापरले जातात, त्यामुळे कामापुरताच वाजवी हिस्सा दाखवता येतो. लॅपटॉपची किंमत एका वर्षात वजा होत नाही. त्यावर ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे ६० हजारांच्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २४ हजार, आणि खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर १२ हजारच. महाराष्ट्रात भरलेला व्यवसाय कर हाही खर्चच आहे. तो बहुतेक जण विसरतात.

दुसऱ्या बाजूला फॉर्म १६ए, २६एएस आणि एआयएस एकमेकांशी जुळवून पाहा. कंपनीने टीडीएस कापला पण तुमच्या पॅनवर जमा दाखवला नाही, तर आधी तिच्या अकाउंट्स विभागाच्या मागे लागावे लागेल.

सगळ्यांनाच एवढी उठाठेव करावी लागते?

नाही, आणि माझा आक्षेप इथेच आहे. कलम ४४एडीएनुसार वकील, डॉक्टर, इंजिनीअर, आर्किटेक्ट, सीए, माहिती तंत्रज्ञानातले व्यावसायिक यांना जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवून मोकळे होता येते. जमा ५० लाखांपर्यंत हवी. रोखीचा वाटा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. खर्चाची पावती लागत नाही. यादीत चित्रपट कलाकार आहेत, त्यांत संकलक आणि कॅमेरामनही येतात, पण चित्रपटाच्या कामापुरतेच. कंपनीसाठी शूट करणारा, अनुवादक, कंटेंट रायटर यांची नावे तिथे नाहीत. माझा वर्गमित्र त्याच काळात घरून ॲप बनवायचा. खर्च एका लॅपटॉपचा, पण निम्मी जमा विनापावती खर्चात. मी कॅमेरा भाड्याने घेऊन फिरायचो आणि टोलच्या चिठ्ठ्या शोधायचो.

ही सवलत २०१६ च्या अर्थसंकल्पात छोट्या व्यावसायिकांची हिशेबाची कटकट कमी करण्यासाठी आली. ती कटकट आज सर्वांत जास्त यादीबाहेरच्यांनाच आहे, तेव्हा यादी वाढवायला हवी. त्यांनी ४४एडीमध्ये बसावे की नाही, यावर सल्लागारांचेही एकमत नसते. तोवर त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग म्हणजे आयटीआर-३ मध्ये खरी जमा आणि खरा खर्च दाखवणे.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते भरलेच नाही असे धरले जाऊ शकते. आणि बँक खाते पोर्टलवर आधी प्रमाणित करून ठेवा. खात्यावरचे आणि पॅनवरचे नाव जुळले नाही, तर मंजूर झालेला रिफंडही अडकतो.