गल्ला वेगळा ठेवा, घर वाचेल



ट्रेनिंगमध्ये ऑनलाइन फसवणुकीचा विषय काढला की मागून एक जण म्हणतोच, "सर, आपण नाही फसत अशात." मीही असंच म्हणायचो. बीबीए झालेलं, उमरखेडला इलेक्ट्रिकलचं दुकान, रोज क्यूआरवर पैसे घ्यायची सवय. मला कोण फसवणार?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर फोन आला. "फौजेतून बोलतोय, वीस पंखे पाहिजेत, ॲडव्हान्स लगेच टाकतो." भावात घासाघीस नाही. व्हॉट्सॲपवर क्यूआर आला. "स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा." काउंटरवर चार गिऱ्हाईकं उभी होती. मी पिन टाकला आणि १४,८०० रुपये गेले. वर तो म्हणतो, "चुकून झालं, रिफंडसाठी परत स्कॅन करा." मी फोन उचललाही होता! तेवढ्यात समोरचे काका बोलले, "पैसे घ्याले पिन कायले लागते, भाऊ?"

हा नियम मी स्वतः शिकवतो. पण चोर मूर्ख माणूस शोधत नाही, घाईतला माणूस शोधतो. आणि दुकानदाराइतकं घाईत कोण असतं?

खरा घाम मला नंतर फुटला. त्याच खात्यात आईच्या ऑपरेशनसाठी जमवलेले पैसे होते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: नुसतं "सावध राहा" सांगून भागत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेकडे तज्ज्ञ होते, यंत्रणा होती. तरी ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. आपण तर एकटे काउंटर सांभाळणारी माणसं. कधीतरी चूक होणारच. ती झाली तरी घर बुडणार नाही, अशी व्यवस्था आधीच करून ठेवा.

काय करायचं?

पहिलं, दुकानाचं खातं वेगळं. क्यूआर, यूपीआय, ऑनलाइन खरेदी सगळं त्याच खात्यावर. संध्याकाळी गल्ला मोजता तसं उद्याच्या खरेदीपुरतं ठेवा, बाकी घरच्या खात्यात टाका. घरच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. एफडी, मुलांची फी, आजारपणाचे पैसे तिकडे.

दुसरं, बँकेच्या ॲपमध्ये रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करा. दिवसाला दहा हजार लागत असतील तर लाखाची मर्यादा कशाला?

तिसरं, धंदा सुरू करताना येणारे मेल. "मुद्रा लोन मंजूर, प्रोसेसिंग फी भरा." "उद्यम सर्टिफिकेटचे पैसे भरा." उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. लोनची चौकशी शाखेत जाऊन करा. मेलमधली लिंक उघडून पैसे भरू नका.

आणि फसलातच, तर लाजू नका. मी दोन तास बायकोलाही सांगितलं नाही, तीच माझी मोठी चूक. लगेच १९३० वर फोन करा, बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं: आपण स्वतः पिन-ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

माझे १४,८०० परत आले नाहीत. ती मी ट्रेनिंगची फी समजतो. आईचं ऑपरेशन मात्र वेळेवर झालं, कारण त्या काकांनी विचारलं.

तुमच्या काउंटरसमोर काका असतीलच असं नाही. म्हणून आज दुकान बंद करायच्या आधी एवढंच बघा: तुमचा क्यूआर कोणत्या खात्याला जोडलाय, आणि त्या खात्यात घराचे किती पैसे पडून आहेत?