पंचेचाळीसला शिकायचं दार बंद, अठ्ठावन्नला पेन्शन. मधली तेरा वर्षं कामगाराने काय करायचं?

पोस्ट मोठी आहे. डाव्या हाताने टाइप करायला दोन रात्री गेल्यात, तेव्हा वाचणार असाल तर शेवटपर्यंत वाचा.

परवा एका ग्रुपवर व्हिडिओ आला. 'पन्नाशीनंतरही नवं करिअर शक्य आहे!' कोट-टाय घातलेला एक जण सांगत होता, वय हा फक्त आकडा आहे, संकटात संधी शोधा, तो केएफसीवाला कर्नल बघा. खाली लोकांचे अंगठेच अंगठे. मीही एक दिला. उजव्या हाताचा अंगठा माझा शाबूत आहे. त्याच्या शेजारची तीन बोटं नाहीत.

मी ५४ वर्षांचा. राहायला बोपोडीत. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये २२ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा डाय सेटर म्हणून. गाड्यांना लागणारे ब्रॅकेट, क्लॅम्प, पत्र्याचे बारीकसारीक पार्ट. पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक पडू नये अशी सोय असते. आमच्याकडे ती बंद करून पायाच्या पेडलवर काम चालायचं, कारण त्याने तासाला नग जास्त निघतात. सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये डाय बसवताना स्ट्रोक पडला. तेव्हा मी ५१ चा होतो.

सहानुभूती नको, ती भरपूर मिळाली. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या हिशोबाबद्दल.

पहिले पाच महिने ईएसआयमधून पगाराच्या ९० टक्के पैसे आले. ते चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही, असा कायदा आहे. डॉक्टरांनी फिटनेस लिहून दिला आणि त्याच्या दुसऱ्या आठवड्यात माझा हिशोब झाला. ग्रॅच्युइटी मिळाली, खोटं बोलणार नाही. मालक म्हणाला, "आता तुम्हाला प्रेसवर कसं उभं करू? माझ्याकडे दुसरं काम कुठंय?" त्याच्याकडे स्टोअर होतं, क्वालिटीचं टेबल होतं, डिस्पॅच होतं. पण तिथं विशी-पंचविशीतली पोरं कमी पैशात मिळतात.

मग मेडिकल बोर्ड. कायद्याच्या परिशिष्टात एक तक्ता आहे, तो प्रत्येक कामगाराने एकदा वाचावा. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के कमी झाली असं धरतात. तीन गेली तर ३० टक्के. चारही गेली तर ५० टक्के. माझी तीन, म्हणून ३० टक्के. पगार होता १८ हजार. त्याचे ९० टक्के आणि त्याचे ३० टक्के, म्हणजे महिन्याला ४,८६० रुपये, हयातभर. नाही म्हणायला आधार आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पण हिशोब बघा. तक्ता म्हणतो माझी कमाई ३० टक्क्यांनी गेली. घरी मात्र पगार शून्यावर आला होता. बोट मोजलं, नोकरी मोजली नाही.

आता येतो मुद्द्यावर. ईएसआयमध्ये एक चांगली योजना आहे, व्यावसायिक पुनर्वसनाची. कामावर अपघात होऊन जुनं काम जमत नसेल तर नवं काम शिका. शिकण्याच्या काळात त्याची फी किंवा रोजचा ठरलेला भत्ता, जे जास्त असेल ते ते देतात. ऐकून मी खूश झालो. पुढे दोन अटी होत्या. अपंगत्व किमान ४० टक्के हवं. वय ४५ पेक्षा जास्त नको.

म्हणजे मी दोनदा नापास. चौथं बोट गेलं असतं तर एका अटीत बसलो असतो. सहा वर्षं आधी गेलं असतं तर दुसरीतही बसलो असतो. एवढं नियोजन करून अपघात करून घ्यायचं मला सुचलं नाही.

मग म्हटलं सरकारी कौशल्य योजना बघू. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अल्प मुदतीचे कोर्स असतात. त्याचं वय १५ ते ४५. त्यातच ५९ पर्यंतच्या लोकांसाठी एक प्रकार आहे, पण तो आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट द्यायचा. मला येतं ते पॉवर प्रेसचं काम. त्याचं सर्टिफिकेट तर उजव्या हातावरच आहे.

एका प्लेसमेंटवाल्याकडे गेलो. पोरगा मनाने चांगला होता. म्हणाला, "काका, तुमचा अनुभव एक नंबर आहे. पण सिस्टीममध्ये वय टाकलं की फॉर्मच पुढे सरकत नाही."

याच पुण्यात पन्नाशीचा माणूस चौकाचौकात फ्लेक्सवर 'युवा नेतृत्व' म्हणून हात जोडून उभा असतो. त्याला वाढदिवसाला क्रेनने हार घालतात. आणि पन्नाशीच्या कामगाराला सांगतात, काका, आता तुमचं वय झालं.

बरं, पेन्शन तरी? पीएफची पेन्शन ५८ ला. पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण ५८ च्या आधीच्या दर वर्षामागे ४ टक्के कापून, आणि ती कायमची कमी. म्हणजे एक कायदा म्हणतो ४५ नंतर शिकवण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो ५८ पर्यंत तू कमावता आहेस. मधल्या तेरा वर्षांचा मालक कोण, हे कुणीच सांगत नाही.

सांगतात ते नातेवाईक. चहाची गाडी टाक. रिक्षा घे. (रिक्षाचा ॲक्सिलरेटर उजव्या मुठीत असतो, भावांनो.) आणि शेवटी सगळे जिथं येतात तिथं येतात: सिक्युरिटी. बाणेरच्या एका सोसायटीच्या गेटवर मी सध्या नाइट करतो. बारा तास, १४ हजार. रात्री गप्पा मारतो तेव्हा कळतं, शेजारच्या गेटवरचा पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेला ट्रकचालक, पलीकडचा स्लॅबवरून पडलेला सेंट्रिंगवाला. पन्नाशीनंतर जखमी झालेल्या माणसासाठी या शहरात एकच करिअर आहे, ते म्हणजे दुसऱ्याचं गेट उघडणं.

यात कमीपणा काही नाही. पण आजही माझ्या जुन्या शॉपमधली पोरं रात्री व्हिडिओ कॉल करतात. "काका, बर येतोय, क्लिअरन्स किती ठेवू?" मी गेटवर बसून सांगतो आणि त्यांचा पार्ट पास होतो. माझी अक्कल गेलेली नाही. ती वापरायला सहा महिन्यांचं शिक्षण हवं होतं, मोजमाप, इन्स्पेक्शन, थोडा कॉम्प्युटर. ते द्यायला मी सहा वर्षं म्हातारा निघालो.

कुणी म्हणेल, पन्नाशीनंतर शिकतं कोण? अहो, आम्हीच शिकलो. साध्या लेथवरून चाळिशी-पंचेचाळिशीत सीएनसीवर गेलेली माणसं भोसरी-चाकणला शेकड्याने भेटतील. तेव्हा कंपनीला गरज होती म्हणून वय आडवं आलं नाही. आता गरज आम्हाला आहे, म्हणून आलं.

कुणी म्हणेल, पैसा कुठून आणायचा? ईएसआय ही खैरात नाही. दर महिन्याला माझ्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालकाकडून ३.२५ टक्के. २०१९ च्या जुलैआधी तर ते दर १.७५ आणि ४.७५ होते. बावीस वर्षं भरलेत. वर्गणी घेताना पंचेचाळीसला कुणी थांबलं नाही.

आणि कुणी म्हणेल, असं कुठं होतं का? होतं. पुण्यातच होतं. खडकी आमच्या बोपोडीला लागून. तिथं क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांना नवा धंदा शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली, पुढे खडकीला आली. शंभरहून जास्त वर्षं झाली. वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, तेही १९४४ पासून. म्हणजे जखमी माणसाला नुसती भरपाई देऊन घरी पाठवायचं नसतं, त्याला पुन्हा कामाला लावायचं असतं, हे या शहराला शंभर वर्षांपासून माहीत आहे. सैनिकासाठी ते केलं, योग्यच केलं. मग १९६० च्या दशकापासून या शहराचं पोट भरणाऱ्या एमआयडीसीतल्या कामगारासाठी तशी एक तरी इमारत का नाही?

मुरलीकांत पेटकरांचा सिनेमा २०२४ मध्ये आला. आपण सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक. मोठा माणूस, हात जोडतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांना पुण्यात टेल्कोने नोकरी दिली होती. जिद्द त्यांची होतीच. पण महिन्याच्या महिन्याला पगार कुणीतरी द्यावाच लागतो. आपण जिद्दीचा व्हिडिओ फॉरवर्ड करतो आणि नोकरीचा भाग कापून टाकतो.

सरकारी नोकराला तर कायदाच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० म्हणतं, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, जमेल अशा दुसऱ्या पदावर त्याच पगारात घ्यायचं. उत्तम कायदा. पण फक्त सरकारी आस्थापनांना. प्रेसखाली बोटं जातात ती बहुतेक खाजगी शॉपमध्ये. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, त्यात वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं कशी जातात हे लिहिलेलं आहे. वाचा, आणि मग आपली गाडी बघा.

चाकणला जर्मन गाड्या बनतात म्हणून आपण अभिमानाने सांगतो. त्या जर्मनीत अपघात विम्याचं तत्त्व असं आहे की आधी पुनर्वसन, मग पेन्शन. आणि २० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ५ टक्के जागा गंभीर अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात, नाहीतर पैसे भरावे लागतात. गाडी आणली, तंत्रज्ञान आणलं. हा नियम तेवढा विमानतळावर राहिला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने कायदे त्यात गेले, नियम नव्याने लिहिले जातायत. म्हणजे बोलायची वेळ हीच आहे. मागण्या चारच:

१) पुनर्वसन प्रशिक्षणाची ४५ ची अट काढा. जोवर वर्गणी कापता, तोवर शिकवा.

२) ४० टक्क्यांची रेषा काढा. 'हा माणूस आपलं जुनं काम करू शकतो का?' एवढा एकच प्रश्न विचारा.

३) कामावर जखमी झालेल्याला दुसरं काम देण्याची जबाबदारी खाजगी मालकावरही टाका. छोट्या शॉपला झेपत नसेल तर ज्या मोठ्या कंपनीसाठी तो पार्ट बनत होता, तिने पुढे यावं. पार्टच्या दर्जाची चौकशी करायला तिचा माणूस दर महिन्याला येतो, बोटांची चौकशीही करू दे.

४) पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात कामगारांसाठी खडकीसारखी एक संस्था काढा. नवी इमारत नको असेल तर औंधच्या आयटीआयमध्ये संध्याकाळची बॅच चालू करा. शिकवायला मी फुकट येतो. डाय सेटिंग बोलूनही शिकवता येतं, तीन वर्षं फोनवर तेच करतोय.

निवडणुकीत मत मागायला येतील त्यांना हा एक प्रश्न विचारा: ४५ ते ५८ मधल्या जखमी कामगाराचं काय? उत्तर आलं नाही तर इथं कमेंटमध्ये लिहा. तुमच्या घरात, चाळीत, गेटवर असा कुणी असेल तर त्याचं वय आणि त्याला मिळालेले टक्के लिहा, नाव नको. यादी घेऊन आपण कामगार आयुक्तांकडे जाऊ.

शेअर करायला परवानगी विचारू नका. नुसता अंगठा देऊन मात्र पुढे जाऊ नका. ड्युटीची वेळ झाली, निघतो.