गुरुजींची वर्षं मोजता, शाळेची कोण मोजणार?

२०१७ च्या शासन निर्णयानं जिल्हा परिषदेच्या शाळा ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ क्षेत्रांत वाटल्या. अवघड क्षेत्रात ३ वर्षं काढली की गुरुजींना बदली मागायचा हक्क. सातपुड्यात राहून शिकवणाऱ्याला तो मिळावाच, त्याच्याशी आमचं भांडण नाही. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून जुने गेले, नवे आलेच नाहीत, तर पोरांनी काय करायचं? शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शाळेची १० टक्क्यांहून जास्त पदं रिकामी नकोत. दोन गुरुजींतला एक गेला की निम्मी शाळा रिकामी! पेसा कायद्यानं शाळा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांवर ग्रामसभेचाही अधिकार मानलाय. गावकऱ्यांनो, ठराव करा: नवे गुरुजी हजर झाल्याशिवाय जुन्यांना कार्यमुक्त करू नये. पोच घ्या, वनहक्क दाव्याची ठेवतो तशी जपून ठेवा.